राज्यगीत: नागपूरचे शब्द, बडोद्यात वाढलेली चाल आणि आपल्या पसरणीचा गळा

कृष्णाकाठचा (सातारा)

'जय जय महाराष्ट्र माझा'वर बोलायला लागलं की गाडी दोन मिनिटांत अभिमानावर जाते आणि गाणं राहतं बाजूला. म्हणून आधीच सांगतो, हा धागा गाण्याबद्दल आहे. मी शाळेत पेटी वाजवतो. १ मे जवळ आला की पोरं बसवायचं काम ठरल्यासारखं माझ्याकडं येतं. बसवता बसवता जे ध्यानात आलं ते इथं टाकतोय.

कागदावरची माहिती आधी उरकून घेतो. ३१ जानेवारी २०२३ ला राज्य मंत्रिमंडळानं हे राज्यगीत म्हणून स्वीकारलं आणि १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीपासून, ते लागू झालं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज शाहीर साबळे यांचा. मूळ गाण्यातले दोनच चरण राज्यगीतात घेतलेत, त्यामुळं ते पावणेदोन मिनिटांत आटपतं. गाणं मात्र राज्य जन्माला आलं तेव्हाचं, १९६० च्या सुमाराचं. सरकारी दप्तरात त्याची नोंद व्हायला साठ वर्षं उलटून गेली, आणि तोवर ते कुणाच्या परवानगीवाचून गॅदरिंगला, गणपतीत, कामगार दिनाला, लग्नाच्या बँडवरसुद्धा वाजत होतं.

साबळे आपले. ३ सप्टेंबर १९२३ चा जन्म, गाव पसरणी, वाईहून पाचगणीकडं निघालं की घाट लागायच्या आधीचं. २०२३ म्हणजे त्यांचं जन्मशताब्दीचंच वर्ष. ते पाहायला ते स्वतः नव्हते, २० मार्च २०१५ ला गेले. सातारकर म्हणून छाती फुगवायची तेवढी फुगवून झाली, आता मुद्द्यावर येतो.

माझं म्हणणं असं की महाराष्ट्रानं राज्यगीत म्हणून कविता निवडलीच नाही. निवडली ती एक ध्वनिमुद्रिका. कविता निवडायची तर दोन थोरल्या पंगतीत आधीपासून बसलेल्या होत्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'बहु असोत सुंदर संपन्न की महा' आणि त्यांचेच शिष्य गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, यांचं 'मंगल देशा, पवित्र देशा'. गडकरी १९१९ ला गेले, कोल्हटकर १९३४ ला. दोघांनी ज्या महाराष्ट्राचं गाणं लिहिलं तो तेव्हा नकाशावर नव्हताच. कविता म्हणून ती दोन्ही बढ्यांच्या गाण्यापेक्षा वजनदार आहेत असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण शंभर माणसं उभी करा आणि सांगा, म्हणा. पहिली ओळ सगळे म्हणतील, दुसरीला निम्मे. तिसरीला मास्तर एकटा.

शेजारी बघा. कर्नाटकानं २००४ साली कन्नड कवी कुवेंपूंची कविता नाडगीत, म्हणजे राज्यगीत, म्हणून घेतली. कविता आधीची, चाली नंतरच्या. म्हैसूर अनंतस्वामींची चाल की सी. अश्वथांची, आणि म्हणायची किती कडवी, यावर वाद चालले ते थेट २०२२ पर्यंत. त्या वर्षी सरकारनं अनंतस्वामींची चाल ठरवली आणि अडीच मिनिटांची मर्यादा घातली. आपल्याकडं चाल कुठली हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही, कारण हे शब्द दुसऱ्या चालीत कुणी ऐकलेलेच नाहीत. शब्द, चाल आणि गळा एकदमच कानावर आले.

आता ज्या गोष्टीचं मला कायम नवल वाटतं ती. तिघांतले दोघं गर्जना करणाऱ्यांतले नाहीतच. राजा बढे नागपूरचे, १९१२ चा जन्म. 'चांदणे शिंपीत जाशी' लिहिणारा कवी. गाथासप्तशतीतल्या शृंगाराच्या गाथा मराठीत आणणारा. खळे मुंबईत जन्मले, बडोद्यात वाढले. 'गोरी गोरी पान', 'शुक्रतारा मंद वारा', पुढं लताबाईंचे तुकोबांचे अभंग ही त्यांची दुनिया. खळेकाकांची चाल ऐकायला सोपी वाटते आणि गायला बसलं की घाम फुटतो, हे कुठल्याही पेटीवाल्याला विचारा. अशा दोन मऊ हातांनी गाणं घडवलं आणि दिलं कुणाला, तर डफावर तापलेल्या शाहिराला.

त्यामुळं ते धड पोवाडाही नाही आणि भावगीतही नाही. पोवाड्यात शाहीर गद्याच्या अंगानं, बोलल्यासारखं पुढं रेटतो, सूर एका पट्ट्यात फिरत राहतो. इथं चाल नीट बांधलेली आहे, ओळ जिथं उतरायची तिथंच उतरते. पण कोरस बघा, तो झीलकऱ्यांसारखा, शाहिराच्या मागं सूर धरणाऱ्यांसारखा, वागतो. शाहिरानं टाकलं की मागच्यांनी उचललं. मला सगळ्यात भारी वाटते ती 'शिजला, भिजला, झिजला' ही तीन ओळींची उतरंड. चरणाच्या बाकीच्या ओळी लांब आहेत, इथं अचानक तीन आखूड ओळी एकापाठोपाठ आदळतात, श्वास घ्यायला फट नाही, आणि मग 'दिल्लीचेही' वर तो सगळा साठलेला दाब सुटतो. पोरं इथंच कोसळतात. दुसऱ्या ओळीत श्वास संपतो आणि 'झिजला' म्हणेपर्यंत खरंच झिजलेली असतात. मी आता वर्गाचे तीन गट करतो, एकेका गटाला एकेक ओळ देतो आणि 'दिल्लीचेही' ला सगळे एकत्र. काम होतं.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, तुमच्याकडं पोरं कुठल्या पट्टीत बसवता? दोन, साबळ्यांना आपल्या भागात समोर बसून ऐकलेलं कुणी आहे का?

वाईचा_विसू

मस्त धागा. पसरणीचं नाव आलं म्हणून लगेच लिहितोय.

शाहिरांबद्दल बाहेरच्यांना त्यांचा 'लोकधारा' कार्यक्रम एवढंच ठाऊक असतं. शाळेसाठी ते अंमळनेरला मामांकडं होते, तिथं साने गुरुजींचा सहवास मिळाला. पसरणीचं भैरवनाथाचं देऊळ दलितांना खुलं झालं त्यात ते पुढं होते. आमच्या आजोबांच्या पिढीला ही गोष्ट गाण्याच्या आधी आठवायची. 'कृष्णा साबळ्यानं देऊळ उघडलं' असं म्हणायचे, शाहीर बिहीर नंतर.

ऐकलंय मी, लहान होतो, जत्रेत. गाणं कुठलं ते आठवत नाही पण माईक खराब झाला तेव्हा त्यांनी तो बाजूला केला आणि तसंच चालू ठेवलं हे पक्कं आठवतं. शेवटच्या रांगेतल्या बायांना काही फरक पडला नाही.

मिरजेची_तार

पट्टीचं उत्तर देते. पुरुषांना पेटीवरची काळी एक ठीक आहे, पण तीच पट्टी पाचवी-सहावीच्या पोरांना दिली तर धृपदात नुसती गुरगुर ऐकू येते. आम्ही मुलींना काळी चार देतो. मिश्र वर्ग असेल तर पांढरी चार. वर ताणून 'गर्जा' ओरडायला लावू नका, घसे बसतात आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आपल्याला बोलावतात.

दुसरं, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे पण एक भर. सगळे 'गर्जा' वर जोर देतात. खरा जोर 'माझा' वर आहे. मूळ मुद्रण कान देऊन ऐका, 'महाराष्ट्र' झपकन जातो आणि 'माझा' वर सूर टेकतो. पोरांना तेवढं एक सांगितलं तरी गाणं निम्मं सुधारतं.

अवांतर: केरवा ताल तबल्यावर लावण्यापेक्षा ढोलकी घ्या. तबल्यावर ते भजन होतं.

कोल्हाट्याचं_पोर_नव्हे

+१ ढोलकीला. आणि कृपा करून कीबोर्डमधला तयार ठेका लावू नका. आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत एका संघानं लावला, ठेका थांबेचना, गाणं संपलं तरी धडाम धुडूम चालूच. परीक्षक वही मिटून बसले.

वाळवेकर

आवो पेटीवाले, सगळं झाक लिवलंय, पर आमच्या वाळव्याला इसरलासा व्हय?

शाहिरी म्हणलं की साताऱ्यावाल्यांना पसरणीच दिसती. वाटेगावचं नाव कुणी घ्यायचं? अण्णाभाऊ साठे, १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा. बापासंगट पायी मुंबईला गेलेलं पोर. १९४४ ला अमर शेख आन् गव्हाणकरांसंगट लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं कुणी भरवली? पुढाऱ्यांच्या भाषणाला माणूस जायचा ते आधी शाहीर हाय म्हणून जायचा. 'माझी मैना गावावर राहिली' ऐकून गिरणीतला माणूस रडायचा राव. छक्कडच्या, म्हंजी लावणीच्याच एका परकाराच्या, अंगानं घेतल्याली, नवरा मुंबईला आन् बायकू गावाकडं. आन् शेवटी कळतं की ती मैना म्हंजी तुटल्याला मुलूख हाय. बेळगाव, कारवार, निपाणी.

१०६ माणसं मेली तवा हे राज्य झालं. त्यांच्या वक्ताला जे गाणं मैदानात व्हतं ते राज्यगीत का न्हाई? बढ्यांचं गाणं राज्य झाल्यावरचं हाय, पेढं वाटायच्या टायमाचं.

आन् पठ्ठे बापूराव बी आमचंच, रेठरे हरणाक्ष. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचं. एका वाळवा तालुक्यात एवढं पिकलंय.

विट्याची_सून_नागपूरची_लेक

माहेर नागपूर, सासर विटा. त्यामुळे बढ्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं.

'पेढे वाटायच्या वेळचं' हे वाळवेकरांचं निरीक्षण चूक नाही, पण त्यात कमीपणा काय? विदर्भाच्या माणसाने ते गाणं लिहिलं ही गोष्ट लहान समजू नका. १९६० ला आमच्याकडे सगळेच काही नाचत नव्हते. वेगळ्या विदर्भाची मागणी तेव्हाही होती, आताही आहे. अशा वेळी नागपूरचा कवी 'एकपणाचे भरती पाणी' लिहितो. नद्यांची नावं घेऊन त्याने जी मोट बांधली ती मुंबई-पुण्याच्या कवीला सुचली असती का, मला शंका आहे. त्यांच्या यादीत विदर्भाची नदी दुसऱ्याच नंबरवर आहे. पुण्याची मुळा-मुठा नाहीच.

(माझ्या सासऱ्यांचा यावर दरवर्षी आक्षेप असतो की येरळा का नाही. असो.)

भूगोलवाली

नद्यांवर आलात तर आता मला कुणी अडवू नका.

रेवा म्हणजे नर्मदा. महाराष्ट्राला ती फक्त नंदुरबारच्या वरच्या टोकाला, सातपुड्यात, शिवून जाते. वरदा म्हणजे वर्धा. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम, पुढं वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या, दोन वाटांनी निघतात आणि कराडला प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन भेटतात. म्हणजे गाण्यातल्या दोन नद्या जन्मानं पूर्णपणे सातारा जिल्ह्याच्या. गोदावरी त्र्यंबकेश्वरची. पुढं त्याच चरणात भीमा आलीय, भीमथडीच्या रूपानं, ती भीमाशंकरची आणि शेवटी रायचूरकडं कृष्णेतच जाते.

उरली भद्रा. ती कर्नाटकातली, चिक्कमगळूरच्या डोंगरात गंगामूळला निघते, कुडलीला तुंगेला मिळते आणि तुंगभद्रा होऊन कृष्णेत येते. यावरून लोक म्हणतात कवीनं भूगोल सोडला. मी म्हणेन बरोब्बर धरलाय. वर रेवा, खाली भद्रा. १९६० चा सरकारी नकाशा बाजूला ठेवा आणि अठराव्या शतकातला मराठ्यांचा वावर काढा, नर्मदा ते तुंगभद्रा हे पट्ट्याचे दोन काठ जुळतात. कवीनं राज्याची हद्द मोजलेलीच नाही, मुलूख मोजलाय.

येरळेबद्दल सासऱ्यांना माझा पाठिंबा. पण येरळा कृष्णेतच येते, त्यामुळं तिची हजेरी लागली समजा.

काकासाहेब_नाही

मुलूख मोजलाय हे मान्य, पण मग 'भीमथडीच्या तट्टांना या यमुनेचे पाणी पाजा' हे १९६० साली कोणाला सांगितलंय? दिल्लीवर घोडे घालायचे होते का? राज्यगीतात असली भाषा मला तरी खटकते. दुसऱ्या राज्यातला माणूस ऐकून काय म्हणेल?

कण्हेरखेडचा

काहीही म्हणणार नाही, कारण दुसऱ्या ठिकाणी दिल्लीचं तख्त 'राखितो' असं म्हटलंय. घेतो म्हटलेलं नाही.

यामागं प्रत्यक्ष घडलेलं आहे. पानिपत १७६१ ला झालं. दहा-अकरा वर्षांत महादजी शिंदे परत दिल्लीत होते, आणि जानेवारी १७७२ ला अलाहाबादेत इंग्रजांच्या आसऱ्याला असलेला शाह आलम मराठ्यांच्या आधारानं दिल्लीच्या गादीवर येऊन बसला. तख्त राखलं ते हे. शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. धाग्यात सगळे आपापलं गाव घुसवतायत म्हणून मीही घुसवलं, पण इतिहास खरा आहे.

भीमथडीची तट्टं म्हणजे भीमेच्या काठच्या मुलखात पैदास झालेली घोडी. उंचीला बेताची, दाणावैरण कमी, चाल लांबची. उत्तरेतल्या मोठ्या घोड्यांपुढं ती दिसायला काहीच नव्हती. घाट चढायला आणि अर्धपोटी चालायला दुसरं जनावर नव्हतं. अलीकडं भीमथडी घोड्याची देशी जात म्हणून रीतसर नोंदणीही झाली. बढ्यांनी इथं 'अश्व' किंवा 'तुरंग' टाकला असता तर ओळ नाटकी झाली असती. तट्टूच पाहिजे होतं.

काकासाहेब_नाही

इतिहास ठाऊक आहे हो. महादजींनी काय केलं आणि आज सहावीच्या पोराला त्यातलं काय कळतं, यावर मी बोलतोय. आमच्या नातवाला विचारलं तट्ट म्हणजे काय, म्हणाला नदीचा किनारा.

मिरजेची_तार

नातवाला एक मार्क द्या, भीमथडीत भीमेचा काठ आहेच :)

दक्षिण_सातारा

आयडी बघून ओळखलं असेल की मी सांगलीचा. सातारा की सांगली हे जे वर चाललंय ते मुळातच निरर्थक आहे, का ते सांगतो.

जुना सातारा जिल्हा १९४९ ला दोन तुकड्यांत फुटला, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. सांगली, मिरज, जत ही संस्थानं विलीन झाल्यावर त्यांचा मुलूख दक्षिणेकडं जोडला गेला. आणि दक्षिण साताऱ्याचं नाव 'सांगली' झालं ते २१ नोव्हेंबर १९६० ला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा सरकारी कागदात सांगली जिल्हा असं काही नव्हतंच! वाटेगाव दक्षिण साताऱ्यात, येडेमच्छिंद्र दक्षिण साताऱ्यात, रेठरे हरणाक्ष दक्षिण साताऱ्यात. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचं जन्मगाव देवराष्ट्रे, तेही दक्षिण साताऱ्यात, आणि कर्मभूमी कराड उत्तरेत. पसरणी उत्तरेत. तेव्हा राज्य आणायला गाणारा एक शाहीर, राज्य आल्यावर गाणारा दुसरा शाहीर आणि राज्याचा कलश हातात घेणारा मुख्यमंत्री, तिघंही एकाच सातबाऱ्यावरचे.

आणखी मागं जायचं तर जुन्यातला जुना पोवाडा म्हणून ज्याचं नाव घेतात तो अज्ञानदासाचा, अफजलखानाच्या वधावरचा. घटना १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाच्या पायथ्याशी. म्हणजे पोवाड्याला पहिला विषय दिला तोही जावळीनं.

वाळवेकर, तुम्ही विचारलंत 'माझी मैना' राज्यगीत का नाही. माझ्या मते ते होऊच शकत नाही, आणि त्यातच त्याची ताकद आहे. सरकारला राज्यगीत लागतं ते झेंडा वर गेल्यावर वाजवायला. अण्णाभाऊंचं गाणं संपतं ते जे मिळालं नाही त्यावर. सीमाभाग अजून बाहेर आहे. असं गाणं मंत्र्यासमोर सावधान उभं राहून वाजवलं तर मंत्र्यानं बघायचं कुठं?

वाळवेकर

बघू दे की तोंडाकडं! तेवढ्यासाठी तर वाजवायचं.

पर तुमचा मुद्दा ध्यानात आला. सरकारनं घेतलं न्हाई तेच बरं झालं म्हणा. घेतलं असतं तर सीमाभागाची कडवी कापून पावणेदोन मिनिटांची मैना केली असती.

कृष्णाकाठचा (सातारा)

हे मात्र खरंय. कापाकापीचा अनुभव मूळ गाण्यालाही आलाच. दोन चरणांचं करताना एक चरण बाहेर राहिला, आणि तो कार्यक्रमात म्हणायचा की नाही यावर आमच्या स्टाफरूममध्ये दर वर्षी बाचाबाची होते. मी साधा तोडगा काढलाय. परिपाठाला आणि झेंड्याला सरकारी दोन चरण, संध्याकाळच्या कार्यक्रमाला पूर्ण गाणं. गाणं म्हणून म्हणताना कोण घड्याळ लावतंय?

नागपूरच्या लेकीनं विदर्भाचा मुद्दा काढला तो मला आजवर सुचला नव्हता. त्याला जोडून खळ्यांचं बडोदं बघा. मराठी माणसाची राजधानी म्हणावी असं शहर, गायकवाडांचं, आणि १ मे १९६० ला ते गुजरातेत गेलं. चाल देणारा जिथं वाढला ते गावच नव्या राज्याच्या बाहेर. गुजरातनंही २०११ ला आपलं राज्यगीत ठरवलं, 'जय जय गरवी गुजरात', नर्मदाशंकरांची १८७३ ची कविता. तिथंही कविता आधी, चाल मागून. माझ्या मूळ मुद्द्याला आणखी एक साक्षीदार.

मिरजेच्या ताईंचं 'माझा' वर टेकायचं आज करून बघितलं. सातवी ब नं पहिल्यांदाच गाणं न ओरडता म्हटलं. ढोलकी मिळाली, वाजवणारा शोधतोय.

नियमावलीवाला

उभं राहण्यावरून कुणी विचारलं नाही म्हणून सांगून टाकतो, कारण दर १ मेला कुठंतरी वाद होतोच. राज्यगीत चालू असताना सावधान उभं राहायचं. वयस्कर, आजारी, दिव्यांग, गरोदर बायका आणि लहान मुलं यांना सूट आहे. शाळा भरताना प्रतिज्ञा, राष्ट्रगीत वगैरेंच्या जोडीनं ते म्हणायचं आहे. राष्ट्रगीताचा मान तो राष्ट्रगीताचाच. मिरवणुकीत डीजेवर लागलं की काय करायचं हे कुठं लिहिलेलं नाही, तिथं नाचणारे नाचतातच.

वाईचा_विसू

डीजेवर लागलं की नाचावं. शाहिरांना राग आला नसता. ज्या माणसानं कोळीगीतापासून खंडोबाच्या जागरापर्यंत सगळं मंचावर आणलं त्याच्या गाण्यावर लोक ताठ उभे राहिलेले बघून त्यालाच अवघडल्यासारखं झालं असतं.

काकासाहेब_नाही

असहमत. मग राज्यगीत केलंच कशाला? एकतर मान द्या नाहीतर गाणं म्हणून सोडून द्या. दोन्हीकडं पाय ठेवून चालत नाही.

वाईचा_विसू

आमच्यात देवाला नमस्कारही करतात आणि पालखीपुढं नाचतातही, काका. चालतं की.

जतचा_मास्तर

उशिरा आलो, धागा आत्ता वाचला. आमच्याकडचं वेगळंच आहे म्हणून लिहितो.

जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. पोरांची घरची भाषा कन्नड. राज्यगीत आलं तेव्हा प्रश्न साधा होता, पोरांनी हे वाचायचं कशातनं? मराठी हा विषय त्यांना असतो, पण पहिली-दुसरीच्या पोराला 'निढळाच्या घामाने' कुठनं वाचता येणार. मग मी फळ्यावर कन्नड अक्षरांत अख्खं राज्यगीत लिहिलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. आठवड्यात पाठ. 'पोलादी मनगटे' म्हणताना मुठी वळायच्या हे त्यांचं त्यांनी ठरवलं, मी सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणजे सीमेपलीकडं त्यांची मामेभावंडं शाळेत कुवेंपूंचं नाडगीत म्हणतात. सुट्टीला एकत्र आली की दोन्ही होतात. आमच्या पोरांना आता दोन्ही राज्यांची गीतं पाठ आहेत, आणि विचारलं की कुठलं आवडतं, तर सरळ सांगतात, 'सर, ते जास्त गोड आहे, हे जास्त जोरात म्हणता येतं.' पेटीवाल्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या मुद्द्याला हे जोडून घ्या हवं तर.

पट्टी वगैरे आमच्याकडं नाही. पेटी नाही. मी सुरुवात करून देतो आणि पोरं जिथं जातील तिथं मी मागून जातो. मात्र ते तीन गटांचं डोकं उचलतोय, तिसरीचा एक गट 'शिजला' ला, चौथीचा 'भिजला' ला. 'झिजला' साठी शिक्षकच उभे करावे म्हणतोय.

कृष्णाकाठचा (सातारा)

मास्तर, शिक्षकांचा गट एकदम योग्य! कन्नड अक्षरांतल्या त्या वहीच्या पानाचा फोटो इथं टाकता का? पोराचं नाव झाकून टाका. आणि १ मेच्या आधी एखाद्या रविवारी जतला येतो, माझी जुनी पेटी पडून आहे, भाता बदललाय. तुमच्या शाळेत ठेवा.